चार घरांचं कुळागर आणि किबुत्झची ठिबक नळी

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या कुळागरवाल्यांचे, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागवाल्यांचे, फोन येतात. ठिबक बसवलंत ना, कसं आहे, जैन कंपनीचं घेऊ की नेटाफिमचं, पोफळीला पुरतं का, अनुदान मिळालं का. प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते. आमचा संच नेटाफिमचा आहे. सावईवेऱ्यात उतारावरच्या कुळागरात बसवलाय आणि त्याने काही उन्हाळे निभावून नेलेत. वस्तू उत्तम आहे, पैसे वाया जात नाहीत. मात्र चार घरांनी मिळून वापरायची असेल तर तिच्यासोबत आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे एकत्र राबायची शिस्त. ज्यांनी ही नळी पहिल्यांदा बनवली त्यांच्याकडे ती होती, कारण ते एका किबुत्झमध्ये राहत होते. किबुत्झ म्हणजे इस्रायलमधली सामुदायिक वस्ती; जमीन, काम, जेवण, पैसा सगळं सामाईक. नळीमुळे मला त्या विषयाची ओढ लागली, त्यामुळे इथे तोही येणार.

आधी आमची परिस्थिती सांगते. कुळागर आमच्या चार घरांचं. सासऱ्यांच्या पिढीत चुली वेगळ्या झाल्या, जमीन मात्र वाटली नाही, कारण झर एकच आहे आणि झर वाटता येत नाही. डोंगरातून येणारं पाणी वरच्या टाकीत पडतं, तिथून पाटाने खाली. पोफळी, माड, मधे केळी, पोफळींवर मिरवेली, सावलीत जायफळं, कडेने भिरंडी आणि अननस. पाणी पाळीने घ्यायचं: आज थोरल्यांचं, उद्या दुसऱ्यांचं, परवा आमचं, तेरवा काकांचं. पाट फोडायचा, आळ्याआळ्यातून पाणी फिरवायचं, मग पुढचा बांध. शेवटच्या पोफळीपर्यंत पोचेतो निम्मं पाणी पाटातच मुरलेलं असायचं.

गोव्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, इथे ठिबक कशाला, असं बाहेरचे लोक विचारतात. पाऊस पडतो जून ते सप्टेंबर, पोफळीला पाणी घालावं लागतं डिसेंबर ते मे. जानेवारीपर्यंत कोणाचं काही अडत नसे. एप्रिलमध्ये झर बारीक झाली की घरात ताण सुरू. पाट कोणी किती वाजता फोडला, कोणाच्या पाळीत टाकी पूर्ण भरलेली होती, कोणाची अर्धी. थोरल्या जाऊबाईंचं आणि माझं एका उन्हाळ्यात बोलणं बंद होतं ते यावरूनच. वर राहणाऱ्याला पाणी आधी मिळतं, खाली व्हाळाकाठी, म्हणजे ओढ्याकाठी, राहणाऱ्याला उरलंसुरलं. यात कोणाचा स्वभाव वाईट नव्हता. उताराचाच तो गुण.

आता वस्तूकडे येते. टाकीपाशी छोटा पंप, मग गाळण्या, तिथून जमिनीत पुरलेली मुख्य वाहिनी, तिच्यातून सबमेन, म्हणजे उपवाहिन्या, आणि त्यांतून १६ मिलिमीटरच्या काळ्या लॅटरल नळ्या. प्रत्येक पोफळीच्या बुंध्यापासून थोडं लांब, दोन बाजूंना दोन ड्रिपर, तासाला चार लिटरचे. कासरगोडच्या केंद्रीय रोपण पीक संशोधन संस्थेच्या शिफारशीप्रमाणे पोफळीला उन्हाळ्यात ठिबकने दिवसाला साधारण १६ ते २० लिटर पाणी पुरतं. म्हणजे दोन-अडीच तास पंप चालवला की झालं. केळीला आणि जायफळाला हिशेब वेगळा, त्यांच्या ओळींना वेगळा व्हॉल्व्ह ठेवून घ्या. बसवतानाच सांगा, नंतर करायला गेलात तर सबमेन उकरावी लागते.

ड्रिपर हा या संचाचा जीव. मुलाने सुरीने एक उघडून दिला होता, तो मी बराच वेळ बघत बसले. बोटाच्या पेरापेक्षा लहान. आत प्लास्टिकमध्ये कोरलेली नागमोडी खाच आणि तिच्यावर सिलिकॉनची पातळ चकती. पाणी सरळ बाहेर पडत नाही. त्या खाचेतून डावीउजवीकडे आपटत जातं आणि आपटता आपटता त्याचा जोर जिरतो. म्हणून वाट तशी रुंद असूनही बाहेर थेंबच येतो. अगदी बारीक भोक पाडून थेंब काढला असता तर ते पहिल्या कचऱ्यालाच बुजलं असतं. चकतीचं काम आणखी वेगळं. दाब वाढला की ती खाली दबते आणि वाट अरुंद करते, दाब कमी झाला की मोकळी होते. आमच्यासारख्या उतारावर याला फार किंमत आहे, कारण दर दहा मीटर खाली उतरलं की दाब साधारण एक किलोने वाढतो. साधा ड्रिपर असता तर खालच्या पोफळी बुडाल्या असत्या आणि वरच्या तहानल्या असत्या. दाब सांभाळणारा ड्रिपर असला की टाकीजवळच्या पोफळीला जेवढं, तेवढंच व्हाळाकाठच्या पोफळीला. दुकानात हा थोडा महाग पडतो. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे कुठेही वाचवा, उतारावर इथे वाचवू नका.

आमच्या घरात पाळीवरून जे वाद होते ते या चकतीने संपवले, असं मी म्हणते आणि मला ते शब्दशः म्हणायचंय.

या नळीची गोष्ट सिम्खा ब्लास नावाच्या पाणी-अभियंत्यापासून सुरू होते. झाडांच्या एका रांगेत एकच झाड बाकीच्यांपेक्षा भरभरून वाढलेलं त्याच्या नजरेस आलं. मुळाशी नळ गळत होता, थेंब थेंब. हे त्याच्या डोक्यात कित्येक वर्षं राहिलं. पुढे प्लास्टिक आल्यावर त्याने लांब नागमोडी वाटेतून पाणी नेऊन जोर जिरवायची युक्ती बसवली. १९६५ मध्ये त्याने हात्झेरिम किबुत्झशी करार केला आणि तिथे नेटाफिम सुरू झाली.

हात्झेरिम नेगेव वाळवंटात, बीरशेबाच्या पश्चिमेला. १९४६ च्या ऑक्टोबरात एकाच रात्री नेगेवमध्ये ११ वस्त्या उभ्या केल्या गेल्या, त्यांतली ही एक. जमीन खारवट, पाऊस नावाला. नुसत्या शेतीवर भागेना, म्हणून त्यांना एखादा कारखाना हवा होता, पण बाहेरचा मजूर ठेवायची त्यांची तयारी नव्हती. दुसऱ्याच्या श्रमावर आपण श्रीमंत व्हायचं, हे किबुत्झच्या मूळ विचारातच बसत नव्हतं. म्हणजे वस्तीतल्या माणसांना आपल्या हातांनी चालवता येईल एवढाच कारखाना. काम वाढलं तेव्हा पगारी माणसं भरण्याऐवजी मागल आणि यिफ्ताह या दुसऱ्या दोन किबुत्झना सोबत घेतलं. मला हे वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडे सुपारी उतरवायला माणूस मिळत नाही, माडावर चढणारा पाडेली मिळत नाही, म्हणून सगळे रडतात. कामाला आपण स्वतः किती हात लावायचा, हा प्रश्न त्या लोकांनी धंद्याच्याही आधी सोडवायला घेतला.

किबुत्झची सुरुवात याच्या खूप आधीची. पहिला किबुत्झ देगानिया, १९१० चा, किन्नेरेत सरोवराच्या दक्षिणेला. दहा पुरुष आणि दोन बायका. पुढे असे होत होत आज सुमारे २७० किबुत्झ आहेत. मूळ रीत अशी: जमीन कोणा एकाची नाही. ज्याला जे काम जमेल ते त्याने करायचं, ज्याला जे लागेल ते त्याला मिळायचं, आणि डॉक्टर, गोठ्यातला माणूस, कारखान्याचा व्यवस्थापक यांच्या मिळकतीत फरक नाही. जेवण सगळ्यांचं एका जेवणघरात. कपडे धुवायला एकच लाँड्री. निर्णय सभेत, हात वर करून. पदं फिरती, आज हिशेब बघणारा उद्या गोठ्यात. नवा माणूस यायचा असेल तर आधी उमेदवारी, मग सभेचं मत.

कागदावर वाचलेलं हे सगळं एका पाहुण्या बाईमुळे माझ्यासमोर उभं राहिलं. फोंड्याच्या मसाल्याच्या बागा बघायला पर्यटक येतात. आमच्याकडे तिकिटाची बाग नाही, पण ओळखीचा टॅक्सीवाला कधी कधी दोन-चार माणसं घेऊन येतो. आम्ही कोकम सरबत देतो, बाग दाखवतो. साठी ओलांडलेली एक इस्रायली बाई अशीच आली होती. मिरवेलीपाशी सगळे फोटो काढत होते आणि ही खाली वाकून आमचा ड्रिपर बोटाने चाचपत होती. मग सांगू लागली की ती उत्तरेकडच्या गॅलिलीतल्या एका किबुत्झमध्ये वाढली. माझ्या मुलीला इंग्रजी चांगलं येतं, तिने मधे बसून दोघींचं बोलणं जुळवून दिलं.

ती आईवडिलांच्या घरी झोपत नसे. किबुत्झमध्ये मुलांचं घर वेगळं असायचं. एका वयाची मुलं तिथेच जेवायची, तिथेच झोपायची. आईबाप दुपारनंतर काही तास भेटायचे आणि रात्री मुलांना झोपवून आपल्या खोलीवर परतायचे. रात्री पाळीची एक बाई असायची, सगळ्या मुलांच्या घरांतला आवाज तिला यंत्रावर ऐकू यायचा. कोणी रडलं की ती यायची, पण ती आपली आई नसायची. हे सांगताना तिचा स्वर अगदी साधा होता, तक्रारीचा नव्हता. मला मात्र ऐकवेना. तिने पुढे सांगितलं की स्वतःला मुलगी झाली तेव्हा मुलांना घरी झोपवायचं की नाही यावर तिच्या किबुत्झच्या सभेत मत घेतलं गेलं आणि तिने घरी झोपवण्याच्या बाजूने हात वर केला. तिच्या आईने विरुद्ध बाजूने. त्या दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. नव्वदच्या दशकापर्यंत ती पद्धत सगळीकडेच बंद झाली.

पण तिने आणखी एक सांगितलं, ते माझ्या मनातून जात नाही. तिच्या आईने आयुष्यात एका घरापुरता स्वयंपाक कधी केला नाही. संध्याकाळी आज काय करू, हा प्रश्न त्या बाईला कधी पडला नाही. मी सून म्हणून आले तेव्हा चार चुली व्हायच्या होत्या. एका चुलीवर किती माणसांचं शिजायचं ते मला माहीत आहे. ते जेवणघर मला डोळ्यांसमोर दिसलं आणि हेवा वाटला. मी विचारलं, तिथे शिजवायचं कोण? ती म्हणाली, तेही बहुतेक बायाच. सुरुवातीच्या पिढीतल्या बाया नांगरामागे चालल्या, रस्ते बांधायला गेल्या. पण मुलं झाल्यावर हळूहळू स्वयंपाकघर, लाँड्री आणि मुलांची घरं इथेच त्यांची नेमणूक होऊ लागली. नियम समान होते, नेमणुका समान झाल्या नाहीत. तिच्या लहानपणीच्या फ्रॉकवर लाँड्रीचा नंबर शिवलेला असायचा. तो नंबर तिला अजून पाठ आहे आणि तिने तो मला म्हणूनही दाखवला.

हे ऐकताना मला सारखी आमची गांवकरी आठवत होती. गोव्याच्या लोकांना सामाईक जमीन नवी नाही. गांवची जमीन गांवकारांची मिळून, शेतं पावणी म्हणजे लिलाव करून कसायला द्यायची, आलेल्या पैशातून बांध, मानशी (बांधातली पाण्याची दारं), देऊळ, गांवचे बाराजण (गावकामगार) यांचा खर्च भागवायचा आणि उरेल ते झोण म्हणून वाटायचं. पोर्तुगीज आले तेव्हा ही व्यवस्था चालूच होती. १५२६ च्या फोराल दस्तऐवजात त्यांनी तिचे रीतिरिवाज लिहून काढले आणि पुढे तिला कोमुनिदाद म्हणू लागले. खाडीकाठच्या खाजन शेतीचे बांध शेकडो वर्षं टिकले ते यामुळेच. बांधाला एका जागी भोक पडलं तर खारं पाणी सगळ्यांच्या शेतात शिरतं, तिथे माझं-तुझं चालत नाही.

मग किबुत्झ आणि गांवकरी सारखे का? मला तसं वाटत नाही. गांवकरीत माणूस जन्माने येतो, आणि तोही मुलगा म्हणून जन्मला तरच. माझ्या माहेरच्या गांवकरीत माझ्या भावाचं नाव आहे, माझं नाही. सासरी आल्यावर इथेही नाही. शिवाय झोण मिळायला बांधावर चिखल तुडवावा लागत नसे, ते काम दुसऱ्या जातीची माणसं करत. किबुत्झने या दोन्ही गोष्टी नाकारल्या: बाईला मत दिलं आणि प्रत्येकाला काम दिलं. गांवकरी मात्र शतकानुशतकं टिकली आणि किबुत्झची मूळ रीत बहुतेक ठिकाणी शंभर वर्षंही टिकली नाही. आज कोमुनिदाद म्हटलं की गोव्यात प्लॉट, अतिक्रमण आणि कोर्टकज्जे आठवतात, याचं मला मनापासून दुःख होतं. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला हक्क मिळाला, ते योग्यच झालं. पण बांध सांभाळायला एकत्र यायची सवय त्याबरोबर सुटायला नको होती.

किबुत्झबद्दल हळवं होताना एक विसरता येत नाही. त्यांतले काही अशा जमिनींवर उभे आहेत जिथे १९४८ च्या आधी पॅलेस्टिनी गावं होती. आतली समता कितीही खरी असली तरी तिच्या कुंपणाबाहेर कोण राहिलं हे विचारलंच पाहिजे. आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला बेरी, निर ओझ, कफार अझा या किबुत्झमध्ये घराघरांत शिरून माणसं मारली गेली, तेही विसरता येत नाही. त्या पाहुण्या बाईने हा विषय काढला नाही, मीही काढला नाही.

आता ठिबकच्या अडचणी. हा भाग नीट वाचा, कारण विक्रेता हे सांगत नाही. आमच्या विक्रेत्याने तरी सांगितलं नाही. माप घेतलं, आराखडा काढला, संच बसवला, पाणी सुरू करून फोटो काढला आणि गेला. पाण्याची तपासणी करा असं एका शब्दाने म्हणाला नाही. आमच्या जांभ्या मातीतल्या पाण्यात लोह असतं. काचेच्या भांड्यात रात्रभर ठेवलं तर तळाला तांबूस साका बसतो, तोच साका ड्रिपरच्या खाचेत बसतो. दुसऱ्या उन्हाळ्यात काही ओळींची पानं पिवळी पडू लागली तेव्हा ड्रिपर उघडून बघितले. आतली नागमोडी वाट गंजाच्या रंगाची झाली होती. विक्रेत्याला फोन केले, माणूस पाठवतो म्हणाला, मोसम संपेतो कोणी आलं नाही.

उपाय आहेत, आणि ते आपल्यालाच करावे लागतात. झरीचं पाणी थेट गाळणीत घेऊ नका. आधी थोडं उंचावरून टाकीत पडू द्या, हवा लागली की लोह साक्याच्या रूपाने वेगळं होतं. टाकीत ते बसायला वेळ द्या आणि पंपाचं तोंड तळापासून वर ठेवा. जाळीच्या गाळणीबरोबर चकत्यांची गाळणीही घ्या. लॅटरलच्या शेवटच्या टोप्या ठरलेल्या दिवशी उघडून लाल पाणी जाऊ द्या, ते स्वच्छ येईतो. आणि वर्षातून एकदा आम्लाची प्रक्रिया, ती जाणकार माणसाकडून. घरी केलीत तर पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी कधीही नाही. हातमोजे, चष्मा घातल्याशिवाय कोणाला जवळ येऊ देऊ नका.

खरी अडचण अशी की ही कामं छोटी आहेत, रोज-आठवड्याची आहेत आणि ती न केल्याचं त्या दिवशी काहीच दिसत नाही. पाट बुजला तर डोळ्यांना दिसतो. गाळणी भरली तर महिनाभराने पोफळीला कळतं. चार घरांच्या कुळागरात अशा कामाला धनी नसतो. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने केलं असेल. पहिल्या दोन उन्हाळ्यांत हेच झालं.

म्हणून मी घरात सभेचा विषय काढला. किबुत्झची सभा डोक्यात होतीच. धाकटे भावजी म्हणाले, सभा कसली, वैनी, आपण काय पंचायत आहोत? पण काकांनी उचलून धरलं. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळचं शिंपणं झालं की टाकीपाशीच आम्ही बसतो. घरटी एक मत, आणि ते मत बाईने द्यायचं की पुरुषाने ते घराने ठरवायचं. गाळणी धुवायची पाळी आठवड्याची, चारी घरांत फिरती. टोप्या उघडायचा दिवस सोमवार. पंपाच्या खोलीत वही टांगलेली असते, धुतलं की सही. सहीच्या पुढे गाळणीतून काय निघालं तेही लिहायचं: साका, शेवाळ, पानं. थोरल्या जाऊबाईंचं अक्षर सुरेख आहे आणि त्यांच्या नोंदी सगळ्यांत बारीक असतात. मार्चमध्ये पंपाचं तोंड गाळात गेलंय हे त्यांच्याच नोंदीवरून लक्षात आलं, पिवळं पान दिसायच्या आधी. पाण्यासाठी जिच्याशी माझं बोलणं तुटलं होतं तिच्याबरोबर मी आता गाळणीच्या चकत्या वर धरून उजेडात बघते, स्वच्छ झाल्या की नाही.

सगळं सामाईक करायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. चुली चारच आहेत, मुलं आपापल्या आईपाशी आहेत आणि सुपारीचे पैसे हिश्श्याने वाटतात. सामाईक फक्त झर, नळी आणि तिची निगा. किबुत्झवाल्यांनी मुलांची झोपसुद्धा सामाईक केली, आणि तीच गोष्ट पहिल्यांदा मोडली. कामाची पाळी मात्र त्यांच्याकडे पुष्कळ टिकली. पैशाची समताही पुढे ढासळली. ऐंशीच्या दशकात इस्रायलमध्ये महागाई भडकली, १९८५ मध्ये सरकारने ती आवरायला कठोर पावलं उचलली, व्याज चढलं आणि कर्ज काढून वाढलेले किबुत्झ त्यात अडकले. तरुण शहरांत गेले. त्यानंतर एकेका किबुत्झने कामाप्रमाणे वेगळा पगार, जेवणघरात पैसे देऊन जेवण, घरं सदस्यांच्या नावावर असे बदल केले. आज जुन्या पद्धतीने चालणारे थोडेच उरलेत. २०१७ मध्ये मेक्सिकोच्या मेक्सिकेम कंपनीने, जी आता ऑर्बिया म्हणवते, नेटाफिमचा ८० टक्के हिस्सा घ्यायचा करार केला, हात्झेरिमकडे २० टक्के राहिला. बाहेरचा मजूर नको म्हणून सुरू झालेला कारखाना आज कितीतरी देशांत माल बनवतो. भारतात वडोदऱ्यालाही त्याचा माल होतो. वाचून मला हळहळ वाटली. पण ज्या वस्तीला खारवट जमिनीत पोट भरायचं होतं तिने ते भरलं, हेही खरं.

जैन की नेटाफिम, या प्रश्नाला माझं उत्तर: आपल्या गावाजवळ ज्याचे सुटे भाग मिळतात आणि ज्याचा माणूस फोन केल्यावर येतो त्याचं घ्या. किबुत्झशी नातं दोन्हीकडे होतं. नान आणि दान या दोन किबुत्झच्या सिंचन कंपन्या एकत्र होऊन नानदान झाली आणि जळगावच्या जैन इरिगेशनने २००७ मध्ये तिच्यात निम्मा हिस्सा घेतला होता.

प्राण्यांचा त्रास आहे. शेकरू आणि साळिंदर उन्हाळ्यात लॅटरल कुरतडतात. आम्ही व्हाळाच्या बाजूला दोन दगडी डोण्या पाण्याने भरून ठेवतो, तेव्हापासून कुरतडणं कमी झालंय. तरी जॉइनर, टोप्या आणि थोडे जादा ड्रिपर घरात ठेवाच. माकडांनी केळी नेली तर नेली, नळीला ती हात लावत नाहीत. झावळी पडून लॅटरल तुटते ती वेगळीच. पोफळींच्या मधून न नेता बुंध्यालगत नेली की कमी तुटते.

फायदा विचाराल तर मे महिन्यात झर अगदी बारीक असतानाही टाकी सगळ्यांना पुरते. आळी कोरडी राहिल्याने तण कमी. मिरवेलींच्या मुळाशी पाणी तुंबत नाही. जायफळाची गळ आमच्याकडे कमी झाली, पण ती ठिबकमुळेच असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. केळीला मात्र फरक डोळ्यांना दिसतो. पाटाच्या पाण्यावर बागेत बेडूक, खेकडे जास्त असायचे, तो गारवा आता तेवढा नाही, हे मला आवडत नाही. म्हणून एका बाजूचा पाट आम्ही चालू ठेवलाय. वीज गेली की तोच कामाला येतो, आणि मेच्या वळवाच्या वादळांत वीज जातेच.

एकट्याचं छोटं कुळागर असेल, पाणी मुबलक असेल आणि शिंपायला हौस असेल तर घाई करू नका, पाट चांगलाच आहे. उतार असेल, पाणी कमी पडत असेल आणि वाटेकरी असतील तर ठिबक घ्या, दाब सांभाळणारे ड्रिपर लावून घ्या आणि पाणी आधी तपासून घ्या. केंद्राच्या योजनेत लहान आणि सीमांत शेतकऱ्याला ५५ टक्के, बाकीच्यांना ४५ टक्के अनुदान आहे, राज्याची वाढीव मदत किती ते विभागीय कृषी कार्यालयात विचारा. एक चौदाच्या उताऱ्यावर (गोव्याचा सातबारा) जेवढी नावं आहेत त्या सगळ्यांच्या संमतीच्या सह्या आधीच गोळा करून ठेवा, नाहीतर अर्ज तिथेच अडकतो. त्या सह्यांसाठी सगळी घरं एकत्र बसतील तेव्हा गाळणी कोणी कुठल्या आठवड्यात धुवायची तेही त्याच बैठकीत लिहून घ्या.